‘छान’ म्हटलं की चिडणारी अक्का

कोणी समोरून ‘छान आहे’ म्हटलं की अक्काचं डोकं फिरायचं. स्वयंपाकाला म्हटलेलं चालायचं, साडीला म्हटलेलं चालायचं. पण आम्ही बनवत असलेल्या ॲपला एखाद्या विद्यार्थ्याने छान म्हटलं की संपलं. “छान काय छान? काय छान आहे त्यावर बोट ठेवून दाखव,” ती म्हणायची. पोरगं गडबडून स्क्रीनवर कुठेतरी बोट ठेवायचं आणि बहुतेक वेळा ते रिकाम्या जागेवर पडायचं. मग अक्का माझ्याकडे वळून म्हणायची, “लिही. रिकामी जागा आवडली.”

हा तिचा स्वभाव होता हे खरं, पण ती तिची काम करण्याची रीतही होती. आपल्या खान्देशात जळगावहून कोणी येऊन बसलं, हातात मोबाईल दिला आणि ‘हे कसं वाटतं’ म्हणून विचारलं, तर वाईट कोण म्हणेल? आधी चहा सांगतील, मग खुर्चीवरचा रुमाल झटकतील आणि म्हणतील, बठ्ठं चांगलं शे, म्हणजे सगळंच चांगलं. पाहुण्याच्या कामाला नाव ठेवायचं नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं. अक्काला ते पक्कं ठाऊक होतं, कारण ती स्वतः पाचोऱ्याची. म्हणून ती बसल्या बसल्या आमच्याच ॲपला शिव्या घालायला सुरुवात करायची. धुळ्याच्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये मी हे पहिल्यांदा पाहिलं. “हे कोन्ही बनवं रे? त्याले एक दिवस बसस्टँडवर उभं करा, मग समजी त्याले,” ती मोठ्याने म्हणाली. बनवणारी मी शेजारीच बसले होते. पोरं आधी हसली, मग एकाने घाबरत घाबरत सांगितलं की त्याच्या मोबाईलवर हे उघडायलाच तयार नाही. मग दुसरा बोलला. पुढे कँटीनवाल्याने दोनदा ‘हळू बोला’ म्हणून सांगितलं, इतकी पोरं तापली. मला त्या दिवशी रडू आलं होतं. अक्काने मला भजी खायला घातली आणि म्हणाली, “तुला नाही बोलले. तुझ्या मालकाला बोलले. तो इथे नव्हता, म्हणून तुझ्या तोंडावर बोलले.”

मालक म्हणजे आमचे हेमंतभाऊ. जळगावात त्यांची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी. एका शिक्षण संस्थेची धुळे-जळगावकडे काही महाविद्यालयं होती, त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी ॲप करायचं काम आम्हाला मिळालं होतं: वेळापत्रक, हजेरी, परीक्षेचे अर्ज, सगळं एका जागी. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. करारात कुठेतरी ‘विद्यार्थ्यांचा अभ्यास करून’ असे शब्द होते. त्या शब्दांपुरतं कोणीतरी माणूस हवं, म्हणून हेमंतभाऊंनी अक्काला घेतलं. ‘दोन-चार पोरांना भेटा, फोटो काढा, अहवालाला लावू,’ एवढीच त्यांची अपेक्षा. अक्का त्याआधी कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होती. दरवर्षी जूनमध्ये घ्यायचं आणि मार्चमध्ये सोडायचं, अशी ती नोकरी. तिथे ज्यांनी तिला कायम केलं नाही त्यांच्यावरचा राग तिने आमच्या ऑफिसात जसाच्या तसा आणला. मला वाटतं तिचा तो राग वाया गेला नाही, कारण त्याला आमच्याकडे रोज नवं कारण मिळत होतं.

ऑफिसात तिला दोन गोष्टींची चीड होती. एक म्हणजे भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या. आम्ही सगळे कुठल्या तरी व्हिडिओत पाहून त्या लावायचो. “ताप आलेल्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवतात तशा ठेवता तुम्ही. ताप कुणाला आहे ते कधी बघणार?” असं म्हणून ती पर्स उचलायची आणि मला घेऊन बसस्टँड गाठायची. साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि खांद्याला पाण्याची मोठी बाटली. दुसरी चीड हेमंतभाऊंच्या भाच्याची. ॲपचं काहीही नवं तयार झालं की मालक ते भाच्याला दाखवायचे. भाचा पुण्यात शिकायचा, त्याचा मोबाईल आमच्या ऑफिसातल्या सगळ्या मोबाईलपेक्षा महाग, आणि तो बोट फिरवून म्हणायचा, “मस्त आहे, मामा.” झाला अभ्यास! अक्का ते ऐकून एकदा म्हणाली, “त्याला रावेरहून सकाळच्या गाडीत उभं राहून यायला सांगा, मग त्याचं मत मी टाईप करून देते.” हेमंतभाऊ हसले. ते हसायचे तेव्हा समजावं की आता ऐकणार नाहीत.

कोमल आम्हाला धुळ्यातच भेटली. सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून आत गेलं की तिचं गाव. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि केमिस्ट्री हा तिचा जीव होता. म्हणजे लोक म्हणतात तसा नव्हे, खरोखरच. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांविषयी ती घरच्या गाई-म्हशींविषयी बोलावं तशी बोलायची, कोणती शांत, कोणती अंगावर येते. तिला धुळ्याच्या एमआयडीसीत कुठल्या तरी लॅबमध्ये नोकरी करायची होती, पांढरा कोट घालून. वडिलांनी शिकायला पाठवलं होतं, पण ‘नीट जायचं, नीट यायचं’ या बोलीवर. तिच्या गावातून कॉलेजला येणारी मुलगी तेव्हा ती एकटीच होती.

अक्काने तिलाही ॲपला शिव्या घालून दाखवल्या, पण कोमल काही चिडेना. मेनू चांगला, रंग चांगला, सगळं चांगलं. अक्का कंटाळून उठणार इतक्यात मी पुढचा स्क्रीन उघडला: ‘विद्यार्थी पहिल्या तासाला नसेल तर पालकांना लगेच सूचना’. संस्थेच्या सचिवांची ही लाडकी कल्पना होती. कोमलचा चेहरा पडला.

“हाई कोठे जाई?” तिने विचारलं.

“तुमना घरना नंबरवर,” अक्का म्हणाली. “तू प्रवेशाना टाइमले दिधेल व्हता ना, तोच.”

“तो आमना घरना नही, अक्का. तो नानाना शे.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रवेशाचा अर्ज ऑनलाईन. तो भरायचा गावातल्या ई-सेवा केंद्रात. ते नाना चालवतात. भरताना सारखा ओटीपी येतो, आणि वडील मोबाईल घेऊन वावरात गेलेले. मग नानांनी स्वतःचाच नंबर टाकून दिला. कोमलचाच नव्हे, गावातल्या एकूण एक पोराच्या अर्जात पालकाचा नंबर म्हणून नानांचा नंबर. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. उलट सोय झाली होती.

“आणि तू पहिल्या तासाला नसतेस का?” मी विचारलं.

“सर हजेरी पहिला तासमाच लेतस. बस टाइमवर येस नही, त्याले मी काय करू? बाकी बठ्ठा तासले मी राहस. प्रॅक्टिकल तर एक बी सोडं नही.” आता तिचा आवाज चढला होता. अक्काने खुर्ची पुढे ओढली आणि बसून घेतलं.

त्याच आठवड्यात आम्ही नानांकडे गेलो. मी मनात एक खडूस माणूस तयार करून गेले होते. निघाले कसले! आमच्यासाठी दुकानातला पंखा आमच्याकडे वळवला, शेजारून लिंबू सरबत मागवलं. कॉलेजचे मेसेज येतात का, असं अक्काने विचारलं. नानांनी अभिमानाने मोबाईल काढून दाखवला. फीची तारीख, सुट्टी, परीक्षेची सूचना. आलेला प्रत्येक मेसेज त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकलेला. “माले काय तरास नही, ताई. मेसेज उना की ग्रुपवर टाकी देस. बठ्ठास्ले एकदमच समजी जास,” ते म्हणाले. त्या ग्रुपवर सरपंच होते, दूधवाले होते, देवळाची वर्गणी होती, कोणाच्या हरवलेल्या बैलाचा फोटो होता. तिथे उद्या गावातल्या एकुलत्या एक कॉलेजकन्येची गैरहजेरी येणार होती. अक्का सरबत न पिता उठली, हे मी एकदाच पाहिलं. बाहेर येऊन म्हणाली, “या माणसावर रागावता पण येत नाही. याचंच मला जास्त भ्या वाटतं.”

पुढची बैठक अजून आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. संस्थेचे सचिव, त्यांचे दोन प्राचार्य, हेमंतभाऊ आणि आम्ही दोघी. अक्काने गाव न सांगता, मुलीचं नाव न सांगता सगळं मांडलं. तिने फार काही मागितलं नव्हतं. आधी नंबर तपासा. तोवर सूचना बंद ठेवा. नाहीतर ती पालकांऐवजी मुलीलाच पाठवा, कारण बसला उशीर झाला की नाही हे तिला माहीत असतं. सचिव शांतपणे म्हणाले, “मॅडम, ही पालकांची मागणी आहे.”

“कोणत्या पालकांची? तुम्ही किती जणांना विचारलं?”

“विचारायचं काय त्यात? मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.”

“सुरक्षितता!” अक्का उभीच राहिली. “साहेब, मुलगी बसमध्ये अडकली म्हणून तुम्ही गावभर दवंडी पिटणार आणि त्याला सुरक्षितता म्हणणार?”

हेमंतभाऊंनी लगेच हसून विषय बदलला. ठरलं ते असं: सूचना सुरू ठेवायची, सध्या आहेत त्याच नंबरांवर पाठवायची, आणि नंबर दुरुस्तीसाठी पुढे कधीतरी एक शिबिर घ्यायचं. ते शिबिर झालं नाही, हे सांगायला नको. परतताना गाडीत हेमंतभाऊ म्हणाले, “अक्का, काम त्यांचं आहे. आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?” अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, “वाईटपणा आपण घेतला नाही, तर तो कोणाच्या वाट्याला जाईल, ते तुम्हाला माहीत आहे का?” हेमंतभाऊंना माहीत होतं. माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे. माहीत नसलेल्या माणसाला मी माफ करू शकते.

ॲप सुरू झालं. केक कापला, फीत कापली, सचिवांनी भाषणात ‘विद्यार्थ्यांशी सखोल संवाद साधून’ असं म्हटलं आणि पडद्यावर अक्काने काढलेले फोटो दाखवले. त्यातल्या एका फोटोत कोमल होती.

मग एके दिवशी कोमलची बस हायवेवर बंद पडली. ती दुसऱ्या तासाला पोहोचली, पुढचे सगळे तास बसली, दुपारचं प्रॅक्टिकल करून घरी गेली. तोवर मेसेज येऊन गेला होता. ‘आपली पाल्य कोमल आज महाविद्यालयात गैरहजर आहे.’ पहिल्या तासाला, असंही नाही. ते दोन शब्द मेसेज लांब होतो म्हणून कोणीतरी काढून टाकले होते. नानांनी नेहमीप्रमाणे तो ग्रुपवर टाकला, वर कोमलच्या वडिलांचं नाव लिहून, म्हणजे त्यांच्या नजरेतून सुटू नये. खाली कोणीतरी एक प्रश्नचिन्ह टाकलं. शिवी नाही, टोमणा नाही, फक्त प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवसापासून कोमलचं कॉलेज बंद झालं.

आम्हाला कळायला पंधरवडा गेला. अक्का त्याच दिवशी निघाली, मीही गेले. कोमलचे वडील ओसरीवर बसले होते. माणूस वाईट नव्हता, ओरडलाही नाही. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि अक्काचं सगळं ऐकून घेतलं. बस बंद पडल्याचा पुरावा, सरांची सही, प्रॅक्टिकलची नोंद, अक्काने सगळं आणलं होतं.

“माले माहिती शे पोरगी कॉलेजमाच व्हती,” ते म्हणाले. “मन्हा इस्वास शे तिन्हावर. पन गाव इचारस. बठ्ठा गावले मी काय सांगू?” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तो मेसेज तुमनाच ना, ताई?”

अक्काला सांगता आलं असतं की ती भांडली होती. तिने नको म्हटलं होतं. मीच सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझा हात दाबला. “हो भाऊ,” ती म्हणाली. “आमनाच.”

दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडली. हेमंतभाऊंनी निरोपाला शाल आणली होती. ती तिने टेबलावर तशीच ठेवली आणि पाचोऱ्याची गाडी पकडली. आता ती तिथे एका कॉलेजात पुन्हा तासिका तत्त्वावर शिकवते, जून ते मार्च. मी मात्र राहिले. घराच्या हप्त्यांमुळे मला नोकरी सोडता आली नाही, आणि त्याबद्दल अक्काने मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही.

सूचना बंद झाली, पण ती कशी बंद झाली ते ऐका. काही महिन्यांनी संस्थेच्या एका संचालकांच्या पुतणीचं नाव असंच कुठल्याशा ग्रुपवर गैरहजर म्हणून फिरलं. सकाळी मेसेज गेला, दुपारी सचिवांचा फोन आला, संध्याकाळच्या आत आम्ही ती सोय काढून टाकली. एका फोनवर! ‘पालकांची मागणी’, ‘मुलींची सुरक्षितता’, सगळं एका दुपारीत विरघळलं. मी अक्काला फोन करून सांगितलं. मला वाटलं ती भडकेल. ती म्हणाली, “म्हणजे बंद करता येत होतं.” आणि फोन ठेवला.

ती कोमलच्या घरी जात राहिली. सुट्टी मिळाली की पाचोऱ्याहून धुळ्याला, तिथून त्या गावाला. कधी वडिलांशी बोलायची, कधी आईबरोबर शेंगा फोडत बसायची. अखेर वडील एवढं म्हणाले की बाहेरून परीक्षा दे, घरी बसून शीक, रोजचं जाणं-येणं नको. ऑफिसात ही बातमी सांगितली तेव्हा हेमंतभाऊ खूश झाले. “चला, निदान शिकतेय तरी!” ते म्हणाले. मी उठून बाहेर गेले. तो ‘निदान’ मला अजून गिळता आलेला नाही.

अर्ज भरायला आम्ही तिघी धुळ्याला गेलो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने विषयांची यादी पुढे केली. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, अर्थशास्त्र. कोमलने ती खालपर्यंत वाचली, पुन्हा वर गेली.

“केमिस्ट्री?” तिने विचारलं.

“बाहेरून सायन्स नसतं, बाई,” तो हसून म्हणाला. “लॅब काय घरात उघडणार का? बी.ए. करा. छान आहे बी.ए.”

अक्का कोमलकडे वळली आणि अगदी हळू, मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात विचारलं, “चाली का तुले, पोरी?”

कोमलने यादी खिडकीत परत सरकवली.

“चालाव नही, अक्का,” ती म्हणाली. “पन भरा.”